वाकू नका, खाली या: बालवाडीच्या नव्या ताईंनी कंबर, गुडघे आणि मनगटं कशी सांभाळावीत

बालवाडीतल्या ताईंची कंबर मुलं उचलून उचलून जाते, असा सगळ्यांचा समज आहे. तो अर्धाच खरा. पोर उचलताना आपण निदान सावध तरी असतो. वाट लावतं ते वाकणं. बुटाचा बंद, वाहतं नाक, सांडलेलं पाणी, वहीतला गोल, डब्याचं न उघडणारं झाकण, चड्डीचं बटण. प्रत्येक वेळी दहा-वीस सेकंद, पाय ताठ आणि कंबरेतून पुढे. शाळा सुटेपर्यंत असं किती वेळा झालं ते कुणी मोजत नाही, आणि संध्याकाळी कुकर लावताना कंबर का धरली ते कळत नाही.

याचं कारण वर्गातच असतं. तिथली प्रत्येक वस्तू मुलांच्या मापाची, आणि ती तशीच हवी. युरोपातल्या शालेय फर्निचरच्या मानकात साधारण 93 ते 116 सेंमी उंचीच्या मुलांसाठी खुर्चीची बैठक 26 सेंमी आणि टेबल 46 सेंमी धरलं आहे. आपल्याकडची रंगीत प्लास्टिकची टेबलंही थोड्याफार फरकानं तेवढीच असतात. मोठ्या माणसाची खुर्ची 45 सेंमीच्या आसपास असते. म्हणजे मुलांच्या टेबलाची उंची ही आपल्या बुडाखालच्या खुर्चीची उंची आहे, आणि आपण उभ्यानं त्या टेबलावर वह्या तपासतो.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला होता. ताठ उभं राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो बराच वाढतो, हातात वजन असलं तर आणखी वाढतो. पुढे इतरांनी मोजलं तेव्हा काही आकडे बदलले, पण वाकण्याबद्दलचं हे निरीक्षण टिकलं.

म्हणून या लेखात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येईल. मुलापर्यंत पोचायचं तर कंबरेतून वाकायचं नाही, अख्खं शरीर खाली न्यायचं. अंगणवाडी सेविका, मदतनीस, खासगी नर्सरीतल्या टीचर, पाळणाघरातल्या मावशी, सगळ्यांना हे सारखंच लागू आहे.

आधी आठवडाभर स्वतःकडे बघा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त टिपून ठेवा. रोज शाळा सुटल्यावर दोन ओळी: आज कुठे दुखलं, आणि त्याआधी काय करत होते. सहा दिवसांत चित्र दिसायला लागतं. एखादीची मान फळ्याशी दुखते, एखादीची कंबर हात धुवायच्या मोरीपाशी, एखादीचे गुडघे गोष्टीच्या तासानंतर उठताना.

मैत्रिणीला सांगून दहा मिनिटं तुमचा व्हिडिओही काढून घ्या, मुलं आत यायची वेळ किंवा डब्याची वेळ. स्वतःला बघून बहुतेकींना धक्का बसतो. व्हिडिओत मुलांचे चेहरे येतात, म्हणून बघून झाला की तो लगेच पुसून टाका. ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

स्वतःसाठी एक बैठक मिळवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच, आणि तो करायला सगळ्यात जास्त लाज वाटते. "ताई बसून शिकवतात" हे ऐकायची आपल्याला भीती असते. ती सोडा.

मुलांच्या खुर्चीवर आपण बसलो की गुडघे छातीशी येतात आणि पाठीचा धनुष्यबाण होतो, म्हणून ती खुर्ची आपल्या कामाची नाही. 30 ते 35 सेंमी उंचीचं, रुंद बैठकीचं, न डगमगणारं स्टूल घ्या. चाकांचं मिळालं तर फारच छान, टेबलाकडून टेबलाकडे बसल्या बसल्या सरकता येतं. चाकं नसतील तर सुताराकडून उंच चौरंग करून घ्या आणि वर जुन्या सतरंजीची घडी टाका. बसल्यावर पाय टेबलाखाली कोंबू नका. टेबलाच्या कोपऱ्याशी, एक पाय इकडे एक पाय तिकडे असं बसा, म्हणजे वहीपर्यंत पोचायला पुढे झुकावं लागत नाही.

जर्मनीत बालवाडी कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून त्या दिवसभरात किती वाकतात याचा अभ्यास झाला आहे. तिथेही सुचवलेले उपाय असेच साधे होते: मोठ्यांच्या मापाची फिरती स्टुलं, आणि लंगोट बदलायच्या टेबलाला मुलाला स्वतः चढता येईल अशा पायऱ्या.

वह्या तपासायला मुलांच्या टेबलावर जायचंच कशाला, असाही एक प्रश्न आहे. तुम्ही बसा आणि मुलांना वही घेऊन तुमच्याकडे येऊ द्या. रांग लागते, ढकलाढकली होते, हे खरं. चार-चारच्या गटानं बोलावलं की निभतं.

मूल उचलायचं असेल तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे तीन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण 14 किलो असतं आणि पाच वर्षांच्या मुलाचं 18 किलो. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था अगदी आदर्श परिस्थितीत, अंगाशी धरलेल्या स्थिर खोक्यासाठी 23 किलोची मर्यादा सांगते. रुग्ण उचलायचा असेल तर तिथले तज्ज्ञ 35 पौंडांवर म्हणजे जवळपास 16 किलोवर येतात, कारण माणूस हलतो. आणि जूनमधलं बालवाडीतलं मूल तर हलत नाही, लाथा झाडतं.

फाटकाशी रडणारं मूल घ्यायची रीत अशी. आईच्या कडेवरून थेट ओढून घेऊ नका. त्या वेळी तुमचे हात लांब असतात, मूल मागे कलतं, आणि उसण भरते ती नेमकी इथे. आईला सांगा, त्याला खाली उभं करा. मग तुम्ही एक पाय पुढे टाकून, मागचा गुडघा टेकवून त्याच्यासमोर खाली जा. तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला की निम्मी मुलं उचलायची गरजच उरत नाही, तिथेच बिलगतात. तरीही उचलायचंच असेल तर त्याला मानेला हात घालायला सांगा. तुमचा एक हात त्याच्या बुडाखाली, दुसरा पाठीवर, पोट तुमच्या छातीशी घट्ट. श्वास सोडत पुढच्या पायावर जोर देऊन उठा. वळायचं असेल तर पावलं टाकून वळा. पाय जमिनीत रोवून कंबरेतून पिळवटणं हे वजनाहून वाईट. खाली ठेवतानाही हीच रीत उलटी. उचलताना सगळ्या जपतात, ठेवताना मात्र कंबरेतून वाकून "उतर रे बाबा" करतात.

मुलाला मनगटाला किंवा एका हाताला धरून वर खेचू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपराचं हाड अशा झटक्यानं जागेवरून सरकू शकतं. तुमच्या खांद्यालाही ते बरं नाही.

जमिनीवर लोळण घेतलेल्या मुलाला उचलायला जाऊ नका. शेजारी बसा. दोन-पाच मिनिटांत ते दमतं. रस्ता, पाणी, जिना असा धोका असेल तर गोष्ट वेगळी, पण मग दोघींनी मिळून.

कडेवर घेण्याबद्दल एक गोष्ट. आपण जवळजवळ सगळ्या डाव्या कडेवर घेतो, कारण उजवा हात कामाला लागतो. त्यामुळे कंबर कायम एकाच बाजूला बाहेर निघालेली राहते. बाजू बदला. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होतं, नंतर सवय होते. आणि कडेवर मूल असताना फळ्यावर लिहिणं, फोन घेणं, दुसऱ्याचं नाक पुसणं हे सगळं करायचं नाही.

दिवस गेलेले असतील, किंवा बाळंतपणानंतर नुकत्याच कामावर आला असाल, तर उचलायची कामं सहकारी ताईंकडे द्या. यात उपकार कसले? उद्या त्यांची वेळ आली की तुम्ही करालच.

साडी, निऱ्या आणि एक गुडघा

ही अडचण पुस्तकांत सापडत नाही, पण वर्गात रोज दिसते. पंजाबी ड्रेसमध्ये एक गुडघा टेकून बसणं सोपं. गणवेशाची सिंथेटिक पाचवारी नेसलेली असेल तर निऱ्या पुढच्या पायाखाली येतात, उठताना तोल जातो, आणि एकदा तसं झालं की बाई पुन्हा गुडघ्यात वाकायच्या भानगडीत पडत नाही, कंबरेतून वाकते. (नऊवारी असती तर प्रश्नच नव्हता. शेतात, मोरीवर, चुलीपाशी आपल्या आज्या दिवसभर उकिडव्या बसत त्या काही उगीच नाही.)

जिथे गणवेशाची सक्ती नाही तिथे सरळ सलवार-कुडता घाला. सक्ती असेल तर साडी घोट्यापासून चार बोटं वर नेसा, पदर कमरेला खोचा, आणि खाली जाताना डाव्या हातानं निऱ्या एका बाजूला घेऊन मगच गुडघा टेका. घरी आरशासमोर पाच-सहा वेळा करून बघा.

गुडघे टेकायला फरशी कडक लागते. शहाबादी किंवा टाइल्सवर रोज गुडघे टेकले तर वाटीच्या पुढे सूज येते. मोठ्या दुकानात मिळणारी फोमची चौकोनी मॅट किंवा जाड बसकर हाताशी ठेवा. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी गुडघा टेकूच नये, त्यांच्यासाठी स्टूल.

जमिनीवरची बैठक

गोल करून गाणी आणि गोष्टी होतात ती वेळ आरामाची वाटते, पण अर्धा तास एकाच मांडीवर बसून आपण कुबड काढलेलं असतं. पाठ भिंतीला टेकेल अशी जागा ठरवून घ्या आणि मुलांचा गोल तिथूनच सुरू करा. बुडाखाली सतरंजीची जाड घडी ठेवली की कंबर आपोआप सरळ होते. दर गाण्याला बैठक बदला: मांडी, मग पाय लांब, मग एका बाजूला. कुठलीही एक बैठक चांगली किंवा वाईट नाही, तीच ती वाईट.

उठताना दोन्ही हातांनी जमीन ढकलून बूड आधी वर काढायची सवय असेल तर मोडा. आधी गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे टेकवा, मांडीवर हात ठेवून उठा. मांडीवर मूल झोपलं असेल तर त्याला आधी खाली ठेवा, मग उठा.

मुलांनाच करू द्या

मोरीचा नळ, शू-शी, हात पुसणं, चपला घालणं, डबा उघडणं: दिवसातलं निम्मं वाकणं या कामांत आहे, आणि त्यातली बरीचशी कामं मुलांना येतात. आपण करतो, कारण आपण केलं की पटकन होतं. बेसिनपुढे एक लाकडी पाट ठेवा, मूल वर चढेल आणि हात धुईल. चपला घालायला एक बुटकं बाक ठेवा. पालकांना पहिल्याच सभेत सांगा, नाडीची चड्डी, घट्ट बटणं आणि बंदाचे बूट नकोत. इलॅस्टिक आणि वेल्क्रो चालेल. झाकण मुलाला स्वतःला उघडता येईल असाच डबा द्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात मुलानं स्वतःचं स्वतः करण्याला मोठी जागा होती. त्यांचा विचार अर्थातच मुलांच्या वाढीचा होता. ताईंची कंबर वाचते हा वरचा नफा.

ज्यांना पुसून द्यावंच लागतं अशा लहानग्यांसाठी मोरीत एक प्लास्टिकचं पाटस्टूल कायमचं ठेवा. ओल्या फरशीवर उकिडवं बसून घसरणाऱ्या कमी नाहीत.

वर पोचायची कामं

वाकण्याच्या उलटं दुखणं गॅदरिंगच्या महिन्यात येतं. तोरणं, पताका, भिंतीवरचे तक्ते, हात डोक्याच्या वर आणि मान मागे. खांद्याच्या वर हात नेऊन केलेलं काम पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांत करा, मध्ये हात खाली सोडा. उंचीसाठी मुलांच्या खुर्चीवर चढणं हा प्रकार तर बंदच करा. या कामात मुरगळलेले पाय आणि मोडलेली मनगटं बहुतेक अशाच चढाचढीतली असतात. घडीची शिडी मागा, नाहीतर शिपाईकाकांना हाक मारा.

अंगणवाडीत लटकता वजनकाटा असेल तर तो तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येईल असा टांगा. मान वर करून वाचावा लागत नाही, आणि आकडाही चुकत नाही. मुलाला झोळीत ठेवताना आईला किंवा मदतनीस ताईंना सोबत घ्या.

मनगट, अंगठा आणि मोबाईल

अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या बाजूला दुखतं, कढई उचलताना कळ येते, दुधाची पिशवी धरवत नाही. हे डी क्वेर्व्हेनचं दुखणं असू शकतं. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या शल्यविशारदांनी 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. लहान मुलं काखेत हात घालून, अंगठे वर ताणून उचलणाऱ्यांना ते फार होतं, तान्ह्या बाळाच्या आयांनाही. त्यावर दुपारी पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमधल्या नोंदी अंगठ्यानं भरणं, मग विचारायलाच नको.

मूल उचलताना तळवे वरच्या दिशेला ठेवून पंजा त्याच्या बुडाखाली न्या, अंगठा बोटांना चिकटलेला असू द्या. नोंदी करताना मोबाईल टेबलावर टेकवून तर्जनीनं लिहा. मोबाईल डोळ्यांपर्यंत वर आला तर मानही सुटते.

रोजचा व्यायाम

यावर फार लिहीत नाही, कारण नव्या ताई पहिला आठवडा करतात आणि सोडतात. चार प्रकार पुरे: पाठीवर झोपून गुडघे वाकवून बूड उचलणं, मार्जारासन (ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करणं), भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसणं, आणि भिंतीला हात लावून पिंढऱ्या ताणणं. पिंढऱ्या ताणल्या की सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत येणारी कळही कमी होते. ज्यांची टाच दुखते त्यांनी वर्गात अनवाणी राहू नये. वर्गातच वापरायच्या मऊ चपला वेगळ्या ठेवाव्यात. मार्जारासन मुलांबरोबर "मांजर झालं" म्हणून वर्गातच करून टाका.

उसण भरलीच तर

बहुतेक वेळा अचानक धरलेली कंबर काही दिवसांत सुटायला लागते आणि दोन-चार आठवड्यांत बरी होते. पायाळू माणसाचा पाय लावून उसण उतरते असं गावाकडे म्हणतात. उतरते, कारण ती उतरणारच असते. जोरदार मालीश, कडाकड मोडून घेणं, "मणका बसवणं" असल्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. शेक घ्या. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, विशेषतः आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. अंथरुणावर पडून राहायचं ते फार तर एखाद-दुसरा दिवस. नंतर घरातल्या घरात चालत राहा, कारण पडून राहिल्यानं दुखणं लांबतं. कमरपट्टा प्रवासापुरता ठीक, महिनोन्महिने नको.

धोक्याची काही लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआयची घाई नको. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाच्या एमआरआयमध्येही चकती थोडी सरकलेली दिसते, आणि ते वाचून माणूस जास्त आजारी पडतो.

पण लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी तुंबणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं, पाय लुळा पडत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, यासाठीही डॉक्टर लगेच गाठा. कळ पायात उतरत असेल किंवा दुखणं महिन्याच्या पुढे गेलं असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि "मी बालवाडीत आहे" हे आधी सांगा. नाहीतर ऑफिसात बसणाऱ्या माणसाचे व्यायाम हातात पडतात.

मुख्याध्यापिकांशी कसं बोलायचं

"माझी कंबर दुखते" असं म्हणत गेलात तर सहानुभूती मिळेल, स्टूल मिळणार नाही. कागदावर वस्तू आणि किंमत लिहून न्या: दोन स्टुलं, मोरीपुढे एक पाट, दोन फोमच्या मॅट, एक शिडी. सोबत कामाचा बदल मागा, म्हणजे फाटकावरची ड्यूटी रोज एकीलाच नको, आलटून पालटून. मदतनीस कमी असेल तर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस धरली आहे. चाळीस मुलं एकटीनं सांभाळायची आणि वर नीट वाकायचं, हे कुणालाच जमणार नाही.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजनेत घेण्याची घोषणा झाली. ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतं, फिजिओथेरपीच्या रोजच्या फेऱ्यांचा खर्च त्यात धरून चालू नका. खासगी शाळेत महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर औषधोपचार मिळतात. शिवाय ठरलेल्या सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळते. पगारपत्रकावर ईएसआयची ओळ आहे का बघा, आणि विमा क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या. कंबर धरल्यावर त्यासाठी ऑफिसात हेलपाटे घालणं जड जातं.